लेक डरहॅमच्या कथीड्रलमध्ये प्रार्थनेला जाते: रीतभात काय, कुठे थांबायचं?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. लेक सप्टेंबरपासून इंग्लंडात डरहॅमला शिकतेय. परवा फोनवर सहज म्हणाली, "आत्ताच इव्हनसाँगहून आले, जेवून घेते, मग बोलू." चौकशी केली तेव्हा कळलं की तिथल्या कथीड्रलमध्ये, म्हणजे मुख्य मोठ्या चर्चमध्ये, संध्याकाळी गायनासह प्रार्थना होते आणि आमच्या कन्येला तिची गोडी लागली आहे. अधूनमधून जाऊन बसते. माझी हरकत नाही. ह्यांचीही नाही, फक्त तसं म्हणायला त्यांनी जरा वेळ घेतला. सासूबाईंनी मात्र तो विषयच टाकलाय. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमचं मूळ घर पंचवटीतलं. पूजा, एकादशी, चातुर्मास सगळं साग्रसंगीत.

आता वर्गातल्या एका मैत्रिणीने तिला रविवारच्या उपासनेलाही बोलावलंय. तिथे पाव आणि वाइन देतात म्हणे. लेक विचारतेय, "घेऊ का? नाही म्हटलं तर वाईट दिसेल का?" मला काय सांगावं कळेना. इथे परदेशी राहिलेले पुष्कळ जण आहेत. उठबस कशी करतात, पैसे टाकायचे असतात का, परक्याने कुठे थांबायचं, जरा सांगा. धर्मांतरावरून मारामारी नको. (हे लिहून उपयोग नसतो, ठाऊक आहे.)

थेम्सकाठ_माजी

उपयोग नाहीच, पण मारामारी सुरू व्हायच्या आत कामाचं सांगून टाकतो.

इव्हनसाँग ही चर्च ऑफ इंग्लंडची संध्याकाळची प्रार्थना. साधारण पाऊण तास. शब्द १६६२ च्या प्रार्थनापुस्तकातले, आणि त्या पुस्तकाचं मूळ १५४९ सालापर्यंत जातं. क्रम ठरलेला असतो. आधी स्तोत्रं, मग जुन्या करारातला उतारा, त्यावर येशूच्या आईचं, म्हणजे मरियेचं गीत, मग नव्या करारातला उतारा आणि म्हाताऱ्या शिमोनाचं गीत. पुढे विश्वासाचा अंगीकार, काही प्रार्थना आणि गायकवृंदाची एक मोठी रचना. बहुतेक सगळं गायकच गातात, बाकीच्यांनी ऐकायचं. पाव-वाइन यात नसते. म्हणून बाहेरच्या माणसाला इंग्लंडात कुठल्या उपासनेला जायचं असेल तर मी हीच सुचवतो. कोणी तुमच्याकडून काही वदवून घेत नाही, पुढे बोलावत नाही, नावसुद्धा विचारत नाही.

दारात छापील कागद देतात. शेजारचा उठला की उठायचं, बसला की बसायचं. विश्वासाच्या अंगीकाराच्या वेळी सगळे उभे राहून "मी मानतो" म्हणतात आणि पुष्कळ जण पूर्वेकडे वळतात. तेव्हा उभं राहावं, तोंड मिटून ठेवावं. जे आपण मानत नाही ते म्हणू नये. आपण म्हणावं अशी त्यांचीही अपेक्षा नसते.

पैशांचं म्हणाल तर उपासनेला तिकीट नसतं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पर्यटक म्हणून गेलात तर भरभक्कम तिकीट आहे, प्रार्थनेला गेलात तर काही नाही. (विद्यार्थीदशेत मी याचा पुरेपूर फायदा घेतलाय, पण गेल्यावर पूर्ण वेळ बसायचो.) दानाचं ताट किंवा पिशवी फिरली तर पुढे सरकवली तरी चालते. हल्ली कार्ड टेकवायचं यंत्रही ठेवलेलं असतं.

सातपूरकर

प्रश्न विचारलात म्हणून स्पष्ट सांगतो. मुलीला शिकायला पाठवलंय की प्रार्थनेला? गाणं ऐकायचंच असेल तर यूट्यूब आहे. आज गाणं, उद्या रविवार, परवा पाव. हे असंच पायरीपायरीनं होतं. आपल्याकडे गल्लोगल्ली देवळं असताना ही मुलं काळारामात कधी पाऊल टाकत नाहीत, आणि तिकडे जाऊन यांना एकदम अध्यात्म सुचतं.

थेम्सकाठ_माजी

शेवटच्या वाक्याला अनुमोदन. बाकीचं जाऊ द्या.

शरणपूरची

मी नाशिकचीच, जन्माने ख्रिस्ती. आमच्या घरात चार पिढ्यांचं चर्च आहे आणि घरात पुरणपोळीही होते, त्यामुळे दोन्हीकडचं बोलते.

पाव-वाइनबद्दल. आम्ही त्याला प्रभुभोजन म्हणतो, कॅथलिक मंडळी कम्युनियन किंवा ख्रिस्तप्रसाद म्हणतात. तो देवळातल्यासारखा येईल त्याच्या हातावर ठेवायचा प्रसाद नव्हे. तो घेणं म्हणजे "मी या मंडळीतला आहे" असं सगळ्यांदेखत म्हणणं. कॅथलिक चर्चमध्ये तो कॅथलिकांसाठीच असतो. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये दुसऱ्या पंथाचा ख्रिस्ती माणूस, आपल्या मंडळीत प्रभुभोजन घेणारा असेल, तर घेऊ शकतो. पण बाप्तिस्मा (पाण्याने ख्रिस्ती करून घेण्याचा संस्कार) झालेला हवा. काही चर्चमध्ये "ज्यांना यायचंय त्या सगळ्यांनी या" असं पुढून सांगतात. तसं स्पष्ट सांगितलं तरी लेकीला बसून राहता येईल.

नाही म्हटलं तर वाईट दिसत नाही, अजिबात नाही. दोन वाटा आहेत. एक, जागेवर बसून राहायचं आणि ओळीतल्या लोकांना जायला गुडघे जरा बाजूला घ्यायचे. दुसरी, रांगेतून पुढे जायचं आणि दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवायचे. तसं केलं की धर्मगुरू काही देत नाहीत, आशीर्वादाचे दोन शब्द बोलतात. इंग्लंडात ही खूण सगळीकडे कळते. आशीर्वादही नको असेल तर पहिली वाट.

आम्हाला यजमान म्हणून खटकतं काय ते सांगू? कोणी बिगर-ख्रिस्ती येऊन बसलं हे खटकत नाही. कोणीतरी तो पावाचा पातळ पापुद्रा हातात घेतो, आता काय करायचं ते कळत नाही म्हणून रुमालात गुंडाळून खिशात टाकतो, घरी न्यायला. भाव चांगला असतो, पण कॅथलिकांच्या दृष्टीने याहून मोठा अवमान नाही. आणि दुसरं म्हणजे मोबाइल उंच धरून चित्रीकरण.

आणखी एक गोष्ट लेकीला आधीच सांगा. रविवारी मध्येच सगळे एकमेकांकडे वळून "तुम्हाला शांती असो" म्हणत हात मिळवतात. नवीन माणूस दचकतो. हात मिळवायचा, हसायचं, तेवढंच.

सातपूरकर, पायरीपायरीनं होतं म्हणता. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला फेब्रुवारीत येऊन बघा. मेणबत्त्यांच्या रांगेत बहुसंख्य हिंदू असतात. नवस बोलतात, फेडतात, आणि घरी जाऊन गणपती बसवतात.

काळी_मैना

वाचतेय. धागा वाचनखुणांत टाकला. मुलगा पुढच्या वर्षी चाललाय.

म्युनिकमिसळ

इंग्लंडचं सगळं ठीक आहे, पण जर्मनीला जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण यात खिशाचा प्रश्न आहे.

जर्मनीत चर्चकर नावाचा प्रकार आहे. तुम्ही कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट म्हणून नोंदलेले असाल तर आयकराच्या वर आणखी ८ किंवा ९ टक्के कापले जातात. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८, बाकी राज्यांत ९. हे टक्के उत्पन्नाचे नव्हेत, आयकराच्या रकमेचे. आयकरच लागत नसेल तर हाही लागत नाही. म्हणून विद्यार्थीदशेत कोणाच्या लक्षात येत नाही आणि पहिल्या नोकरीच्या पगारपत्रकात दिसतो.

चर्चमध्ये जाऊन बसल्याने कोणी कर लावत नाही, तेव्हा खुशाल जा. बाखच्या संगीतासाठी मी स्वतः प्रोटेस्टंट चर्चमध्ये कितीदा बसलोय.

जाता जाता: ३ ऑक्टोबरला जर्मनीत सुट्टी असते आणि त्याच दिवशी १९९७ पासून 'खुल्या मशिदीचा दिवस' पाळतात. शेकडो मशिदी सगळ्यांना खुल्या असतात, चहा देतात, प्रश्न विचारू देतात. जुन्या नाशकात बडी दर्ग्यावर उरुसाला गेलोय, पण नमाज मागे बसून पाहिली ती म्युनिकमध्येच.

सातपूरकर

शरणपूरची, तुमच्याबद्दल आदर आहे आणि यात्रेचं मान्य. पण परदेशातली गोष्ट वेगळी. तिथे पोर एकटं असतं, थंडी, अंधार, घरचं कोणी नाही. अशा वेळी जो गोड बोलतो तो आपला वाटतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला अमेरिकेत फुकट जेवणाच्या नावाखाली बोलावून महिनोन् महिने पिच्छा पुरवला होता. हे मी ऐकीव सांगत नाही, त्याचे मेसेज पाहिलेत.

परतलेला_पाहुणा

सातपूरकरांची भीती पोकळ नाही. मी अमेरिकेत शिकलो. तिथे बऱ्याच गावांत चर्चची माणसं नव्या परदेशी विद्यार्थ्यांना विमानतळावरून घ्यायला येतात, जुनी गादी-टेबल देतात, थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला बोलावतात. त्यातले बहुतेक निव्वळ चांगले लोक असतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यातला कोट एका आजोबांनी दिलेला, आणि त्यांनी येशूचं नावही काढलं नाही. पण विद्यार्थ्यांचा एक गट असाही भेटला की पहिल्या जेवणाला फोन नंबर घेतला, दुसऱ्याला "आपण दोघंच बसून बायबल वाचू" आणि तिसऱ्याला "तू आज रात्री मेलास तर कुठे जाशील?" समोर राजम्याची वाटी.

तेव्हा माझा मुद्दा एवढाच, की उपासना वेगळी आणि भरती वेगळी. रोजच्या उपासनेत तुम्ही मागच्या बाकावर अदृश्य असता. भरतीत तुम्हीच कार्यक्रम असता. फरक ओळखायला धर्माचा अभ्यास लागत नाही. तुम्ही एका आठवड्यात आला नाहीत तर काय होतं ते बघायचं. काहीच झालं नाही तर ठीक. पाच मेसेज आले तर समजून घ्यायचं.

आणि पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं, "मी हिंदू आहे, ऐकायला आलोय." चांगले यजमान यावर खूश होतात आणि बाकीचे आपोआप गळतात.

डरहॅमची_कुडकुडी

नमस्कार, मीच ती लेक. आईने लिंक पाठवली, आयडी काढला. आधी स्पष्ट करते: थंडीत एकटी पडून कोणी गोड बोललं म्हणून मी गेले नाही. पाऊस होता आणि कथीड्रल उघडं होतं. तिथे प्रवेशाला तिकीट नाही, स्वेच्छेने दान टाका असं म्हणतात.

आजीसाठी लिहिते, कारण ती आईच्या फोनवर हा धागा वाचतेय असा मला संशय आहे.

इमारत १०९३ साली बांधायला घेतलेली. खांब इतके जाड की आमच्या वाड्यातली देवघराची अख्खी खोली एकात बसेल. गायकांचे दोन भाग समोरासमोर बसतात, मधे वाट. स्तोत्राची एक ओळ या बाजूने, पुढची त्या बाजूने. दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा एकमेकींकडे तोंड करून अभंग पुढे नेतात ना, तसं. पहिल्या दिवशी मला शब्द नीट कळले नाहीत, पण ओळ कोणाकडून कोणाकडे गेली ते कळलं. गाणाऱ्यांत शाळकरी मुलंमुलीही असतात. जरा मागे बसलं की त्यातला एखादा जांभई कशी दाबतो तेही दिसतं. गुडघे टेकायला भरतकाम केलेल्या छोट्या उशा ठेवलेल्या असतात. मी टेकत नाही, पुढे वाकून बसते. तसे बसणारे आणखीही असतात.

मरियेच्या गीताचा अर्थ आजीला सांगितला होता: देवाने बलवंतांना आसनावरून खाली ओढलं, दीनांना वर चढवलं, भुकेल्यांना पोटभर दिलं आणि श्रीमंतांना रिकाम्या हाती पाठवलं. त्यावर आजीने विचारलं, "आणि हे सगळं बूट घालून म्हणतात?" मी हो म्हटलं. तिला ते काही पटलेलं नाही.

शिरल्यावर मागच्या बाजूला फरशीत काळ्या संगमरवराची एक आडवी पट्टी आहे. इथे ख्रिस्ती साधूंचा मठ होता त्या काळात बायकांनी तिच्या पुढे जायचं नाही, अशी ती हद्द. मठ १५३९ साली बंद झाला, पट्टी अजून आहे. रोज तिच्यावरून मुली उड्या मारत गायला जातात.

रविवारचं कळलं. शरणपूरची मावशी, गुडघे बाजूला घेणार.

येवलेकर

पट्टीबद्दल वाचलं आणि राहवलं नाही.

इथे "परधर्माच्या दारात जावं का" अशी चर्चा चाललीय आणि सातपूरकर म्हणतात मुलं काळारामात जात नाहीत. साहेब, त्याच काळारामाच्या दारासमोर २ मार्च १९३० पासून बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी होती, स्वतःच्याच म्हणवल्या जाणाऱ्या धर्माच्या देवळात जाऊ द्या म्हणून. वर्षानुवर्षं सत्याग्रह चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्या येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यांना कोणी फुकट जेवायला बोलावून नेलं नव्हतं. धर्म का सुटतो याचा विचार करायचा तर नाशिककराला डरहॅमला जायची गरज नाही.

सातपूरकर

इतिहास मान्य आहे. तो नाकारत नाही आणि त्याची लाजही वाटते. पण माझा मुद्दा आजच्या एकट्या पोरांचा होता, तो तसाच राहतो.

येवलेकर

राहू द्या. तो मुद्दा खोटा आहे असं मीही म्हटलेलं नाही.

शरणपूरची

अवांतर आहे, पण वेस्टमिन्स्टर ॲबीचं नाव निघालं म्हणून सांगतेच. थेम्सकाठ, तुम्ही तिथे आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनची कबर पाहिली असेल. त्याच्यावर लिहिलंय की विश्वासू हातांनी त्याला जमिनीवरून आणि समुद्रावरून इथे आणलं. त्या हातांमध्ये आपलं नाशिक आहे!

आमच्या शरणपूरला मिशनची वसाहत होती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे ठेवून शिकवायचे. त्यातला एक जेकब वेनराइट. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा त्याच्या माणसांनी काळीज तिथेच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनाची प्रार्थना वाचली ती जेकबने. मग महिनोन् महिने चालत त्यांनी देह किनाऱ्यापर्यंत नेला. १८ एप्रिल १८७४ ला ॲबीत दफन झालं तेव्हा खांदेकऱ्यांत हा नाशकात शिकलेला जेकब होता. लंडनला गेलात तर तिकीट न काढता प्रार्थनेला जा, आणि संपल्यावर मधल्या भागात तो दगड शोधा.

आणि मराठी उपासना कशी असते असं दोघांनी निरोपातून विचारलंय. रेव्हरंड टिळकांची पदं आम्ही अजून गातो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, म्हणजे आपल्या नाशिकजवळचंच. पेटी-तबला असतो. नाताळच्या सकाळी कोणीही या, फक्त अर्धा तास आधी या, नाहीतर बाहेर मांडवात बसावं लागेल. चपलांचं म्हणाल तर खेड्यांतल्या बऱ्याच चर्चमध्ये बाहेरच काढतात. आजींना सांगा.

देवळाली_कॅम्प

सगळ्याच प्रार्थना पाहुण्यांना खुल्या नसतात, हेही मुलांना सांगून ठेवा. आमच्या देवळालीत पारशी अग्यारी आहे. लहानपणापासून शेजारी पारशी, जेवणखाण, लग्नकार्य सगळं एकत्र, पण अग्यारीत आम्ही कधी गेलो नाही. बिगर-पारशाने जायचं नसतं, विषय संपला. त्यात कोणाला राग यायचं कारण नाही.

ज्यू उपासनेला जाता येतं, पण आधी ईमेल करून विचारावं लागतं. सुरक्षेमुळे दारात ओळखपत्र पाहतात, अचानक उगवलेला अनोळखी माणूस त्यांना नको असतो. शुक्रवारची संध्याकाळ नवख्याला सोपी. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी तिथे मिळते. शब्बाथ (शुक्रवार संध्याकाळपासून शनिवार संध्याकाळपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) सुरू झाला की मोबाइल काढायचा नाही आणि काही लिहायचंही नाही. कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंना पूर्वी शनिवार तेली म्हणायचे ते याच पाळणुकीमुळे, शनिवारी घाणा बंद.

लंडनला गुरुद्वाऱ्यात जाणाऱ्या विद्यार्थ्यांना काही शिकवावं लागत नाही, लंगर त्यांना गूगलच्या आधी सापडतो. डोक्यावर रुमाल घ्या आणि जेवून झाल्यावर भांडी घासायला थांबा.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार. लेकीला रविवारी जा म्हटलंय, पाव घ्यायचा नाही आणि मैत्रिणीला ते आधीच सांगायचं. त्यावर मैत्रीण म्हणाली म्हणे की तिच्याही मनात तेच सांगायचं होतं, पण विचारायला संकोचत होती.

सासूबाई धागा वाचत होत्या, खरं आहे. त्यांचं मत बदललेलं नाही. त्यांनी काल लेकीला फोनवर एवढंच सांगितलं की जायचं तर जा, पण एकादशीला उपास मोडू नकोस. तिने बरं म्हटलंय. तिकडे साबुदाणा कुठे मिळतो, यावर आता वेगळा धागा काढावा लागेल.

सातपूरकर

माझं मत मी सोडलेलं नाही. पण म्युनिकमिसळ, ते कराचं खरं आहे का? भाचा पुढच्या आठवड्यात स्टुटगार्टला चाललाय. तो धर्माचा रकाना कुठल्या फॉर्मवर असतो?

म्युनिकमिसळ

खरं आहे. शहराच्या नोंदणी कार्यालयात घराचा पत्ता नोंदवतात, त्याच फॉर्मवर. हिंदू लिहिलं किंवा 'कोणताही नाही' लिहिलं तरी कर लागत नाही, तो ठरावीक नोंदणीकृत धर्मसंस्थांच्या सभासदांनाच आहे. फक्त कॉन्व्हेंटमध्ये शिकलो म्हणून कॅथलिक लिहू नकोस म्हणावं. स्टुटगार्ट बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये येतं, म्हणजे तिथे ८ टक्के.